न छापलेली दोन पानं

बाबा,

आईला वाचायला एक यंत्र घेतलं आहे. वहीएवढं, वहीहून हलकं, आणि विहारातल्या कपाटात मावणार नाहीत इतकी पुस्तकं त्यात मावतात. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या मेडशीच्या घरात साधा फोनसुद्धा नव्हता, म्हणून हे कुठून सांगायला घ्यावं ते कळत नाही. पण मला सांगायचंय ते यंत्राबद्दल थोडं आणि तुमच्या पुस्तकाबद्दल जास्त. तुमच्या पुस्तकातून मी जी दोन पानं काढली होती, ती सापडली.

गेल्या दिवाळीनंतर आई जेवताना ताटाच्या एका कडेकडे बघायला लागली. भाजी कुठे आहे ते तिला सरळ बघितल्यावर दिसत नव्हतं, जरा बाजूला बघितल्यावर दिसत होतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. उजवा गेल्यातच जमा आहे, डाव्याला अजून वेळ आहे, किती ते सांगता येत नाही. चष्मा बदलून काही होणार नाही, अक्षर मोठं केलं तर वाचतील. मोठं म्हणजे किती, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी बोटाचं पेर दाखवलं.  परतीच्या एसटीत पातूरच्या पुढे आल्यावर आई म्हणाली, "एवढाल्या अक्षराचं पुस्तक ठेवाले तं वावर लागन व." मी हसले, तीही हसली. मग तिनं तोंड खिडकीकडे केलं. तुम्हाला माहीत आहे, दुपारची भांडी झाली की दाराजवळ बसून दहा-वीस पानं वाचल्याशिवाय तिचा दिवस पुरा होत नाही. तुम्ही गेल्यावर तर ते वाचनच तिला धरून होतं.

मग मी माझ्या सवयीप्रमाणे डायरीत रकाने आखले. फोनवर आणि टॅबवर पुस्तक दिसतं, पण त्यांचा उजेड तिच्या डोळ्यांत टोचतो, दहा मिनिटांत पाणी येतं. ई-रीडर म्हणून जे यंत्र मिळतं त्याचा पडदा कागदासारखा असतो, अक्षर छापल्यासारखं दिसतं. पण त्यातही दहा प्रकार. एक यंत्र फक्त स्वतःच्या दुकानातली पुस्तकं धड उघडतं, बाहेरून आणलेली फाईल त्याच्या पसंतीच्या रूपात बदलून द्यावी लागते. दुसरं सगळं उघडतं, पण आपली जोडाक्षरं मोडून ठेवतं. तिसऱ्यात अक्षर एका मर्यादेपलीकडे वाढतच नाही. मी महिनाभर वाचत होते, विचारत होते, रकान्यांत फुल्या मारत होते. आता वाटतं, त्या महिन्यात आईच्या डोळ्याचा तेवढा भाग झिजला असेल. चूक होऊ नये म्हणून मी इतका वेळ घेते की वेळ घेणं हीच चूक होऊन बसते. तुम्ही हे मला मी बारावीत असताना सांगितलं होतं.

शेवटी निवड आईच्या बोटांनी केली. अकोल्याच्या दुकानात एक यंत्र तिच्या हातात दिलं, दुकानदार म्हणाला, काचेवर बोट लावा, पान उलटेल. तिनं लावलं. पान ढिम्म. पुन्हा लावलं. दुकानदार म्हणाला, "आजी, बोट जरा ओलं करून पाहा." आई म्हणाली, "हे पुस्तक आहे का लिफाफा?" त्याला हसू आवरेना. पण तिच्या बोटांच्या टोकांवर रेषाच उरलेल्या नाहीत, बाबा. रेशनच्या मशीनवरही तिचा अंगठा उठत नाही, दर महिन्याला माझा लागतो. म्हणून मग ज्याच्या कडेला दाबायची खरीखुरी बटणं आहेत असं यंत्र घेतलं. ते ईपब नावाची फाईल उघडतं आणि आपल्या लिपीला नीट वागवतं. बटण दाबलं की पान उलटतं. आईनं दुकानात उभ्या उभ्या वीस पानं उलटली, न वाचता.

घरी आल्यावर मी विचारलं, पहिलं कोणतं पुस्तक टाकू? मला वाटलं होतं कथा म्हणेल. ती म्हणाली, "तुह्या बाबाचं टाक."

तुमचं पुस्तक! अठ्ठेचाळीस पानी, तुमच्या शिकण्या-शिकवण्याच्या आठवणींचं, विहारात प्रकाशन झालेलं. माझ्याजवळ छापील प्रत होतीच. मी ऑफिसातल्या स्कॅनरवर, सुटीच्या दिवशी साहेबांना विचारून, एकेक पान घातलं आणि त्याची पीडीएफ केली. मला वाटलं, झालं काम. पण पीडीएफ म्हणजे पानाचा फोटोच. ओळ कुठे संपायची ते त्यात ठरलेलं असतं. अक्षर पेराएवढं केलं की ओळीतले तीनच शब्द पडद्यावर राहतात, पुढचे वाचायला फोटो सरकवावा लागतो आणि ओळ संपली की परत मागे. आईनं पाच मिनिटं प्रयत्न केला. "भिंतीच्या भोकातून वावर पाह्यल्यावानी वाटते," म्हणाली आणि यंत्र माझ्या हातात दिलं. तिला ईपबच हवं होतं. त्यात मजकूर मोकळा असतो, अक्षर कितीही वाढवा, ओळी आपापल्या नव्यानं पडतात. त्यासाठी मला तुमच्या पुस्तकाचा फोटो नको होता, टाईप केलेली फाईल हवी होती.

ती वाशिमच्या डीटीपीवाल्या भाऊंकडे असली तर असणार होती. तेच, ज्यांच्या टेबलाशेजारी बसून मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला तुमची प्रुफं तपासली. आता त्यांच्या दुकानात ऑनलाइन फॉर्म भरतात, झेरॉक्स काढतात. केस पांढरे झालेत, पण मला पाहताच म्हणाले, "मास्तरची पोरगी ना व तू? लाल पेनवाली?" त्यांनी जुन्या सीड्यांची पेटी काढली. धूळ झटकत झटकत तुमची सीडी सापडली, वर तुमचं आडनाव लिहिलेली. तुमच्या हस्तलिखिताचं विचारलं तर म्हणाले, तो गठ्ठा दुकान बदललं तेव्हाच गेला. मी तुमच्या सगळ्या वह्या जपून ठेवल्यात, पण ही एक आपण त्यांच्याकडेच विसरलो होतो.

फाईल घरी उघडली तर त्यात तुम्ही नव्हतातच. इंग्रजी अक्षरं, डोक्यावर टोप्या घातलेले स्वर, पौंडाची चिन्हं, पानांमागून पानं. मी घाबरून भाऊंना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, फाईल खराब नाई झाली. त्या वक्ताचा फॉन्ट असाच होता. आत इंग्रजी अक्षरं, वरून मराठीचं सोंग. तो फॉन्ट आता मेला. युनिकोडमधी बदलून घ्या लागते." त्यांनीच त्याचा मार्ग दाखवला. एका रविवारी सकाळी मी तो मजकूर बदलून घेतला आणि पडद्यावर एकदम तुम्ही बोलायला लागलात. "मी शाळेत गेलो त्या दिवशी माझ्या पायात वडिलांचा जोडा होता." चहा तसाच राहिला.

बदलून आलेल्या मजकुरात रफार भलतीकडे गेलेले असतात, अर्धी अक्षरं सुटतात. म्हणून मी छापील पुस्तक शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडायला बसले. हे माझं रोजचंच काम आहे, बाबा. तहसीलच्या अभिलेख कक्षात जुन्या कागदाची नक्कल काढायची, मुळाशी ताडायची, मग अस्सलबरहुकूम म्हणून शिक्का मारून सही करायची. मूळ कागद जिथे फाटलेला असतो तिथे आम्ही तसंच लिहितो, इथे कागद फाटला आहे. अंदाजानं एक अक्षर घालत नाही. नव्या पोरींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते.

एकतिसाव्या पानाच्या तळाशी छापील पुस्तक आणि पडदा यांचं जुळेना. पुस्तकात तुम्ही डी.एड.चा निकाल सांगून पुढच्या परिच्छेदात पहिल्या नेमणुकीवर जाता. पडद्यावर मात्र मध्येच मजकूर होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सीडीवरची फाईल मी पानं काढायच्या आधीची आहे.

ती दुपार मला अजून दिसते. भाऊ संगणकापुढे, मी शेजारी स्टुलावर, हातात तुम्ही खास याच कामासाठी आणून दिलेला लाल पेन. भाऊ म्हणतात, "ताई, पन्नास पानं व्हून राह्यले. छपाईचा फॉर्म सोळा पानांचा. दोन पानं काढा, नाई तं चौदा कोरी जातीन." तुम्ही बाहेर रसवंतीवर कुणाशी तरी बोलत उभे. काढण्यासारखं पुष्कळ होतं. सरपंचांचे दोन शब्द होते, आभाराची यादी होती. मी सरळ आईची पानं काढली.

त्यात तुम्ही लिहिलं होतं की दुष्काळात गावाजवळ तलावाचं काम निघालं, तुम्ही रोज एसटीनं वाशिमला डी.एड.ला जात होतात आणि आई, नुकतं लग्न झालेली, सतरा वर्षांची, तलावावर मातीची टोपली वाहत होती. मुकादम तुम्हाला एसटीतून उतरताना बघून सगळ्यांपुढे ओरडायचा, "आले पाहा, बायकोच्या टोपल्यावर मास्तर व्हून राह्यले!" आणि तुम्ही लिहिलं होतं की तो खोटं बोलत नव्हता. बाबा, प्रकाशनाला माझ्या वसतिगृहातल्या मैत्रिणी येणार होत्या, एक प्राध्यापक येणार होते. मी त्यांना मास्तरांची मुलगी म्हणून माहीत होते. आईबद्दल मी एवढंच सांगितलं होतं की ती खूप वाचते. मला त्या सगळ्यांच्या हातात ते टोपलं द्यायचं नव्हतं.

तुम्ही आत आलात. मी म्हणाले, "बाबा, दोन पानं बसत नव्हती, काढली."

"कोन्ती?"

"तलावाच्या कामाची."

तुम्ही चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. "बरं," म्हणालात. "तू पाह्यलं म्हंजे बरोबरच असन." एवढंच. पानाचा कोपरा दुमडला म्हणून मला घरभर ऐकवणारे तुम्ही, त्या दिवशी मला रागावला नाहीत. आणि पुस्तक आलं तेव्हा पहिली प्रत मला दिलीत. आत लिहिलं होतं, "चुका काढणाऱ्या लेकीस." ती प्रत मी कधी कुणाला दाखवली नाही. मी तीच पानं का काढली ते तुम्हाला कळलं होतं का, हा प्रश्न मी दोन वर्षं पुढे ढकलला आणि मग तुम्हीच गेलात.

तर, ती पानं आता माझ्यासमोर होती आणि प्रश्न होता, आईच्या यंत्रात कोणतं पुस्तक घालायचं. छापलेलं घातलं असतं तर काहीच झालं नसतं. पूर्ण घातलं तर ती विचारणार, हे पुस्तकात कुठं होतं? मला वाटत होतं तिनं छापील पुस्तक कितीतरी वेळा वाचलं असेल. पंधरा दिवस मी फाईल तयार असून नाही म्हणून सांगितलं. ती रोज जेवताना विचारायची, "झालं का व तुह्या बाबाचं?" पंधराव्या दिवशी तिनं भाकरी चाचपडून घेतली, ताटाची कडही तिला नीट सापडेना. त्याच दुपारी मी पूर्ण पुस्तक यंत्रात घातलं.

यंत्रात पानं नसतात, टक्के असतात. पेराएवढ्या अक्षरात एका पडद्यावर सहा ओळी येतात. आई दाराजवळ बसते, यंत्र डाव्या डोळ्याकडे तिरपं धरते, ओठ हलवत वाचते आणि बटण दाबते. ती तुमच्या पायातल्या जोड्याला हसली. तुमच्या पहिल्या हेडमास्तरांवर चिडली. "असं होतं का हे? मले कवाच नाई सांगितलं," असं ती म्हणायला लागली तेव्हा मला काहीतरी खटकलं. मी विचारलं, "आई, तू वाचलं होतंस ना हे?"

"कायले वाचू?" ती म्हणाली. डोळे पडद्यावरच. "आलं तवा चाळून पाह्यलं होतं. सप्पा गावावर लिवलं, मास्तरावर लिवलं, मुकादमाचं नाव नाई पन एसटीच्या कंडक्टरचं हाय. माह्यावर एक ओळ नाई. तवा इचारलं मी त्याइले. म्हणे, लिवलं होतं, मीच काढलं, लांबून राह्यलं होतं. म्हनलं, ठीक हाय. माह्यानंच लांबत होतं तं राहू द्या. मंग हात नाई लावला त्या पुस्तकाले."

मी ओट्याला टेकून उभी होते. तुम्ही माझ्यासाठी हे तिला सांगितलंत, आणि मला एका शब्दानं कळू दिलं नाहीत. तिचे दोन्ही डोळे चांगले होते तेव्हा ते पुस्तक तिच्या पेटीत पडून राहिलं, आणि तुम्ही असताना ती त्यातलं काही तुम्हाला विचारू शकली असती. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "वाच पुढे."

दोन दिवसांनी, बासष्ट टक्क्यांवर, तिचं बटण दाबणं थांबलं. मी तांदूळ निवडत होते. खूप वेळ बटणाचा आवाज आला नाही. मग आला. मग पुन्हा थांबला. ती म्हणाली, "हे तं माह्यं हाय."

"हो."

"हे काढलं होतं ना त्यायनं?"

"त्यांनी नाही काढलं, आई. मी काढलं. बाबांनी तुला खोटं सांगितलं, माझ्यासाठी."

"कायले काढलं?"

"लाज वाटली होती मला."

"कायची?"

 मी तांदळातले खडे वेचत राहिले. तिनं यंत्र मांडीवर ठेवलं. "टोपल्याची?" तिनंच विचारलं. मी मान हलवली, पण ते तिला दिसलं नसणार, म्हणून तोंडानं हो म्हणाले.  मला वाटलं ती रडेल किंवा मला रागावून बोलेल. ती म्हणाली, "आन् मी त्या मानसाशी आठ रोज बोलली नाई त्या वक्ती. तो बिचारा स्वतःच चहा करून पेत होता. लय पानचट करे." मग जरा थांबून, "तुहंही काई खरं नाई, बाई." आणि यंत्र उचलून तिनं पुढचं पान काढलं. माझ्यावर रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. संध्याकाळी तिनं मला जेवायला वाढलं नाही, माझं मी घेतलं. दुसऱ्या दिवशी वाढलं.

इथपर्यंत मी तिला सगळं सांगितलं आहे. आता जे उरलं आहे ते फक्त तुम्हाला.

त्या दोन पानांत एक ओळ वाचता आली नाही. तुम्ही लिहिलंय: संध्याकाळी ती टोपलं उपडं ठेवायची, त्यावर बसायची आणि मला म्हणायची, आज काय शिकवलं ते सांगा. मी सांगायचो. आणि त्यापुढच्या ओळीत नुसत्या चौकटी. रिकाम्या, एकामागून एक, सोळा. त्यानंतर, मग आम्ही घरी जायचो. भाऊंनी पाहिलं, म्हणाले, ती ओळ कोन्त्या तरी वेगळ्याच फॉन्टात टाईप झाली होती, त्याचं आता काही करता येत नाही. मी चार प्रकारे बदलून पाहिलं, चारदा वेगळाच गोंधळ आला. छापलेल्या प्रतीवरून ताडावं तर तिथे ती नाहीच, कारण मीच काढली. हस्तलिखित नाही. म्हणजे तुम्ही आईबद्दल जे लिहिलंत त्यातली ती एक ओळ माझ्यामुळे जगातून गेली.

मी तिथे चौकटी ठेवायला हव्या होत्या. निदान टिंबं. पण आई त्या ओळीवर येऊन अडखळेल, इथं काय होतं म्हणून विचारेल, आणि तिला सांगावं लागेल की तुझ्या वाटची ओळ गेली, हे मला सहन होईना. मी लिहिलं: "माझ्याआधी ते तिच्या ध्यानात राहायचं." मी दिवसभर कागद ताडणारी, शिक्का मारणारी बाई, आणि एवढं वाक्य लिहायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत.

त्या पानांवरून पुढे गेल्यावर आई दुसऱ्या दिवशी मागे आली. ती ओळ तिनं मला मोठ्यानं वाचून दाखवली. "हे बरोबर लिवलं त्यायनं," म्हणाली. "त्याइच्या ध्यानातच नाई राहे. पावकीचा पाढा मलेच इचारत." आणि हसली, तुम्ही होतात तेव्हा हसायची तशी. तेव्हापासून रोज वाचायला बसली की आधी ती तिथे जाते. बटणानं मागे जायला बराच वेळ लागतो, कारण ती आता एकोणनव्वद टक्क्यांवर आहे.

आज तिनं मला विचारलं, "ह्याच्यात पानाचा कोपरा मुडपता येते का व?" मी म्हणाले, येतो, वर उजवीकडे बोट लावलं की खूण पडते. तुम्ही असतात तर रागावला असतात. तिनं ती ओळ काढली आणि कोपऱ्यावर बोट लावलं. दोनदा लावलं, ओलं करून लावलं. तिच्या बोटानं खूण पडेना, म्हणून मी माझ्या बोटानं पाडली.